फलकाधारित कार्यव्यवस्थापन साधने : रचना व वापर यांचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना :
सामूहिक कामांची नोंद रकाने व कार्डे यांच्या साहाय्याने ठेवणारी संगणकीय साधने आज महाविद्यालयीन समित्यांनाही उपलब्ध आहेत. २०११ मध्ये आलेल्या व २०१७ मध्ये ॲटलासियन कंपनीने विकत घेतलेल्या ट्रेलोने ही पद्धत सर्वसामान्यांपर्यंत नेली. तिचे मूळ टोयोटा कारखान्यात ताईची ओनो यांनी विकसित केलेल्या 'कानबान' पद्धतीत आहे. या दोहोंतील अंतर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
कानबानचे कार्ड हे मागणीपत्र होते. पुढील टप्प्याने माल उचलल्याशिवाय मागील टप्प्याने नवा माल करावयाचा नाही, हा त्याचा नियम. कार्डांची संख्या ठरलेली असल्याने अर्धवट मालाचा साठा मर्यादित राही. संगणकीय फलकावर मात्र कार्ड निर्माण करण्यास काहीच सायास पडत नाहीत. ट्रेलोच्या मूळ रचनेत चालू कामांवर सक्तीची मर्यादा नाही. जिरा हे साधन मर्यादा ओलांडल्यास रकाना रंगवून इशारा देते, परंतु काम थोपवीत नाही.

मोडनिंबसारख्या (ता. माढा, जि. सोलापूर) गावातील महाविद्यालयाची गुणवत्ता समिती उदाहरणादाखल घेता येईल. तिची १२ कामे चालू असून आठवड्यास सरासरी २ पूर्ण होतात, असे मानल्यास जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रानुसार प्रत्येक काम सरासरी ६ आठवडे रेंगाळते. पूर्ततेचा वेग तोच ठेवून चालू कामे ६ वर आणल्यास हा काळ ३ आठवडे होतो. उरलेली कामे प्रतीक्षेत राहतात हे खरे. परंतु आधी कोणते काम घ्यावयाचे, हा निर्णय समितीला उघडपणे घ्यावा लागतो. तो टाळल्यास भार निमूटपणे एखाद्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकावर पडतो. शिवाय एक पत्र पाठविणे आणि पाच वर्षांची माहिती संकलित करणे, या दोहोंची कार्डे फलकावर सारखीच दिसतात.

मुंबईच्या डबेवाल्यांच्या पद्धतीत खूण डब्यावरच असते. त्यामुळे नोंद व काम यांची फारकत होत नाही. फलकावर काम न होताही कार्ड पुढे सरकविता येते.

निष्कर्ष :
फलक काम दाखवितो, वाटून देत नाही. चालू कामांची मर्यादा, कामाचे वजन आणि 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ समितीने आधी ठरविला, तरच हे साधन उपयुक्त ठरते. अन्यथा जुनीच विषमता नव्या रकान्यांत नीटनेटकी मांडली जाते.