नावीन्य आणि कल्पकता

सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांत अलीकडे नव्या घाटाच्या वस्तूंची हौस वाढली आहे. एकाच वस्तूकडून दिवा, घड्याळ आणि गाणें अशीं तीन कामें करवून घेणें हीच कल्पकता, असा पुष्कळांचा समज दिसतो. आमच्या मतें तें केवळ नावीन्य होय.

कल्पकता पाहावयाची तर मिरजेचा तंबोरा पाहावा. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हां तेथील शिकलगारांनीं आपला हात तंतुवाद्यांकडे वळविला. पंढरपूरकडील वाळलेला भोपळा त्यांनीं नादपात्र केला. घोडीच्या किंचित् गोलाईवर तार, आणि तारेखालीं सुताचा दोरा. तो नेमक्या जागीं आला कीं जवारी लागते आणि एका स्वरांतून अनेक स्वर उमटतात. दमडीच्या सुतानें एवढें साधावें, यापरतें कौशल्य कोणतें?

२०२४ सालीं या तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, हें उचितच झालें. परंतु मानांकनानें नांव तेवढें राखलें जातें. दोरा कोठें थांबवावा हें जाणणारा कारागीर आणि जवारी ओळखणारा श्रोता, हे दोघे उरले नाहींत, तर तंबोरा दिवाणखान्यांतील शोभेची वस्तु होऊन बसेल, अशी आम्हांस भीति वाटते.