इतिहासशिक्षकांचें प्रशिक्षण आणि अस्सल साधनें : एक परीक्षण

जुने कागद जमविणें, वाचणें व छापणें या कामांत आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं आयुष्याचीं वर्षें वेंचलीं आहेत. हे कागद अखेर कोणाच्या उपयोगी पडावयाचे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतों. संशोधकाचा ग्रंथ शेंकडों लोक वाचतात. शिक्षकाचा तास लाखों मुलें ऐकतात. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जी व्यवस्था हल्लीं चालू आहे, तिचें साधनांच्या दृष्टीनें परीक्षण करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रत्येक शिक्षकानें दरवर्षीं निदान ५० तास आपल्या व्यवसायांतील प्रगतीसाठीं द्यावेत, अशी अपेक्षा ठेविली आहे. त्यापूर्वीं २०१९ सालीं प्राथमिक शिक्षकांसाठीं ‘निष्ठा’ नांवाची योजना निघाली. प्रथम तिचे वर्ग समक्ष भरत. २०२० मध्यें ती ‘दीक्षा’ या संगणकीय व्यासपीठावर गेली, तेव्हां तिचे १८ घटक झाले. इतका मोठा पल्ला गांठणारी योजना पूर्वीं झाली नव्हती, व मुलाला केंद्रस्थानीं धरून शिकवावें हा तिचा आग्रहहि योग्यच आहे. परंतु त्या १८ घटकांत सामाजिक शास्त्रांच्या वांट्यास एकच घटक आला, आणि त्या एकांत इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांनीं दाटीवाटीनें बसावयाचें. कसें शिकवावें हें सांगितलें. जें शिकवावयाचें तें कशावरून ठरलें, हें सांगण्यास जागा उरली नाहीं.

उलट पाठ्यपुस्तकें पुढें गेलेलीं आहेत. २०१७ सालच्या सातवीच्या व नववीच्या पुस्तकांचा आरंभच इतिहासाच्या साधनांपासून होतो. २०१८ सालचें दहावीचें पुस्तक तर इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरा सांगून ऐतिहासिक ठेव्याच्या जतनापर्यंत येतें. हा पालट स्वागतार्ह होय. पण ज्या शिक्षकानें जन्मांत एकहि अस्सल पत्र हातीं घेतलें नाहीं, त्यानें ‘लिखित साधनें’ हा धडा शिकविणें म्हणजे नदी न पाहतां पोहणें शिकविण्यासारखें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, शिक्षकास मोडी पंडित करून काय साधावयाचें? आमचें तसें म्हणणेंच नाहीं. दोन लहान उदाहरणें पुरेत. पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा काल असतो. म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून शुहूर सन ११६१. हें वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतें. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर त्यांत ५९९ मिळवावे व जानेवारीपासून पुढें ६००. भाऊसाहेबांनीं ऑगस्ट १७६० मध्यें घेतलेली दिल्ली आणि १४ जानेवारी १७६१ चें पानिपत हीं दोन्हीं याच एका शुहूर सनांत येतात. ज्यानें हें गणित एकदां स्वतः सोडविलें, त्यास इतिहासांतील तारीख कोठून येते हें कळतें. दुसरें उदाहरण बखरींचें. सभासदानें आपली बखर १६९७ सालीं, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनीं लिहिली. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची. दोहोंचें वजन सारखें नाहीं, व समकालीन पत्राचें वजन दोहोंहून निराळें. हा विवेक ज्यास नाहीं, तो शिक्षक वर्गांत वाद उपस्थित झाला असतां ओरडणाऱ्याच्या बाजूस जातो किंवा गप्प बसतो.

आतां एक स्थळ घेऊं. पुण्याहून पौडाकडे जातांना भूगांवापुढें भुकूम लागतें. शहर वाढत वाढत या गांवाशीं येऊन भिडलें आहे. येथील शिक्षकास मावळचा इतिहास सांगण्यास दूर जाणें नको. राष्ट्रीय चळवळ शिकवितांना याच रस्त्यानें पुढें, पौडापलीकडे, टाटांच्या धरणाचा जलाशय आहे. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापति बापट प्रभृतींनीं सत्याग्रह केला. मौखिक साधन हवें, तर हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ यांनीं मुळशी तालुक्यापासून आरंभ करून महाराष्ट्रभर जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखावर आहे. पण देशभर एकाच सांच्यानें काढलेल्या घटकांत भुकूमचा शिक्षक आपलें खोरें कोठें शोधणार?

आणखी एक गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावी. जमिनींचे व्यवहार वाढले, जुनीं घरें पडूं लागलीं, कीं माळ्यावरचे रुमाल रद्दींत जातात. एखादा महजर किंवा निवाडपत्र मुलाच्या दप्तरांतून शाळेंत आलें, तर तें ओळखूं शकणारा पहिला मनुष्य शिक्षकच. त्याचे डोळे तयार नसतील, तर आपण कितीहि गांवें हिंडलों तरी उशीरच होणार.

अमेरिकेचा दाखला येथें उपयोगी आहे. तेथें २००१ पासून सुमारें दहा वर्षें इतिहासशिक्षकांच्या विषयज्ञानासाठीं मध्यवर्ती सरकारनें अनुदान दिलें. त्याची अट अशी होती कीं, शाळाखात्यानें विद्यापीठ, ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय किंवा इतिहाससंस्था यांपैकीं कोणाशीं तरी जोडी जमवावी. पुढें तें अनुदान थांबलें. पण ती अट घेण्याजोगी आहे. आमच्याकडे १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद हीं पुण्याच्या एकाच सदाशिव पेठेंत आहेत. अंतर पायीं चालण्याजोगें आहे. तें चाललें मात्र पाहिजे.

आमची सूचना माफक आहे. ५० तासांपैकीं सहा तास इतिहासशिक्षकांस दफ्तरांत बसवावें. प्रत्येकाच्या हातीं त्याच्याच तालुक्यांतील एका कागदाचें छायाचित्र, बालबोध नक्कल व कालनिर्णयाचें टिपण द्यावें. तो कागद कोणीं, कोणास, कशासाठीं लिहिला, हें त्यानेंच शोधावें. नकला पुरविण्याचा भार मात्र सरकारवर टाकून चालणार नाहीं. तो संग्राहकांनीं उचलावा. कुलुपांत ठेविलेला कागद वाळवीपासून वांचतो. विस्मृतीपासून वांचत नाहीं.