ओळखीचा माणूस

पोलीस आणि पुढारी यांच्या संगनमताच्या गोष्टी पडद्यावर पुष्कळ आल्या. तरी गोविंद निहलानींचा १९८३ सालचा हिंदी चित्रपट ‘अर्धसत्य’ मला निराळा वाटतो. तो श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून घेतला असून पटकथा विजय तेंडुलकरांची आहे.

फौजदार अनंत वेलणकर सचोटीचा. वस्तीतल्या तक्रारीवरून तो गुंडांना कोंडतो. ती निघतात आमदाराची माणसे, आणि निलंबनाची पाळी वेलणकरवरच येते. तेव्हा त्यालाही दिल्लीत वजन असलेला मध्यस्थ गाठावा लागतो. चित्रपटाचे मर्म मला येथेच दिसते. ठाण्याची पायरी चढताना ओळखीचा माणूस बरोबर असावा, असे आम्ही हिंगोलीकडचे लोक मानतो. पण ठाण्यात बसणाऱ्यालाही तसाच माणूस लागतो! एकदा असा आधार घेतला की नकार देण्याचे बळ ओसरू लागते.

पुढे त्याचा कोंडलेला संताप एका किरकोळ चोरावर निघतो व चोर कोठडीत मरतो. आता मदत मागायची ती राजकारणात शिरलेल्या गुंडाकडे, रामा शेट्टीकडे! शेट्टी त्याला आपला बंदा करू पाहतो. वेलणकर त्याला ठार करून स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो.

या शेवटाने प्रेक्षक सुखावतो. मला मात्र तो चोर आठवत राहतो. त्याला ना ओळख, ना वाली. ओम पुरींना वेलणकरच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच. परंतु प्रामाणिक माणसाच्या रागाची किंमतही दुबळ्यानेच मोजली, हे विसरू नये. घरातील जाणत्या मुलांना बरोबर घेऊन हा चित्रपट अवश्य पाहावा.