मागे घेतलेले वाक्य आणि उरलेले चरित्र

ॲना सीवर्डने लिहिलेले इरॅस्मस डार्विनचे चरित्र १८०४ साली प्रसिद्ध झाले. या ग्रंथाकडे आज कोणी वळलेच तर ते बहुधा चरित्रनायकाच्या नातवामुळे, म्हणजे चार्ल्स डार्विनमुळे. चरित्रमीमांसेच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व त्यातील एका लहानशा प्रसंगात आणि त्या प्रसंगावर कुटुंबीयांनी घेतलेल्या हरकतीत आहे.

इरॅस्मस (१७३१–१८०२) हा वैद्य, निसर्गशास्त्रज्ञ आणि कवी होता. 'झूनॉमिया'त सजीवांच्या क्रमविकासाची कल्पना त्याने नातवाच्या कितीतरी आधी मांडली होती. लिचफील्ड गावी तो अनेक वर्षे राहिला. सीवर्ड तेथलीच, स्वतः कवयित्री आणि त्याच्या नित्य सहवासातली. मुख्यतः लिचफील्डमधील वास्तव्याच्या या आठवणी आहेत, अशी मर्यादा ग्रंथाचे शीर्षकच घालून घेते. त्या मर्यादेत सीवर्डचे निवेदन जिवंत आहे. डार्विनचे अडखळते बोलणे, त्याचा धारदार उपरोध, गावातल्या विद्वन्मंडळावरील त्याची हुकमत हे सारे ती पाहिलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगते. तिला गौरवग्रंथ लिहावयाचा नव्हता, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदविली पाहिजे.

आक्षेप आला तो वेगळ्याच ठिकाणी. १७९९ च्या डिसेंबरअखेर डार्विनचा वकिली करणारा मुलगा (त्याचेही नाव इरॅस्मसच) डर्बी येथे डर्वेंट नदीत बुडाला. ती आत्महत्या होती असे मानले जाते. प्रेत सापडल्याचे कळताच पित्याने मुलाला भित्रा आणि वेडा म्हटले व पुढे त्याचे नावही काढले नाही, असे सीवर्ड लिहिते. दुसरा मुलगा रॉबर्ट हा श्रूझबरीचा प्रतिष्ठित वैद्य. त्याने ही हकीकत खोटी असल्याचे सांगून ती मागे घेण्यास तिला भाग पाडले आणि तिने ती जाहीरपणे मागे घेतली.

येथे रॉबर्टची बाजू केवळ पुत्रप्रेमाची नाही. डार्विनने १७८१ मध्ये लिचफील्ड सोडले होते. म्हणजे ज्या प्रसंगावर वाद झाला तो सीवर्डच्या डोळ्यांदेखत घडलेलाच नव्हता. तरीही निवेदनाचा स्वर तोच, प्रत्यक्षदर्शीचा. ऐकीव वार्ता आणि पाहिलेली गोष्ट यांतील सीमा तिने शैलीच्या बळावर पुसून टाकली आहे. खरा दोष हाच. कठोरपणा हा दोष नव्हे. आपल्याकडे अशा वादांत 'कुटुंबीयांच्या भावना' एवढाच मुद्दा पुढे केला जातो व चर्चा तेथेच खुंटते. रॉबर्टचा प्रश्न भावनेचा असेलही, पण तो प्रामाण्याचाही होता.

मात्र कुटुंबाचा कागद तरी निरपेक्ष असतो काय? या मृत्यूची वार्ता पित्याने रॉबर्टला पत्राने कळविली. त्या पत्रात वेदना स्पष्ट आहे. सीवर्डची पाषाणहृदयी व्यक्तिरेखा तेथे टिकत नाही. पण मुलगा बागेच्या टोकाशी पाण्यात 'पडला', असा त्या पत्राचा शब्द आहे. एका क्रियापदाने आत्महत्या झाकली जाते. सीवर्ड दुःख गाळते, कुटुंब कृती गाळते.

पुढे १८७९ साली एर्न्स्ट क्राउझेच्या जर्मन निबंधाचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा चार्ल्सने त्याला स्वतःची प्रस्तावना जोडली. ती मूळ निबंधाहूनही लांबली. आजोबांच्या बाजूने सीवर्डला दिलेले ते विलंबित उत्तरच होते. तिच्या हेतूंविषयीही त्यात फारसा सद्भाव नाही. परंतु हेच उत्तर छापण्यापूर्वी चार्ल्सची मुलगी हेन्रिएटा हिच्या हातून गेले आणि सुमारे १६ टक्क्यांनी आखडले. वादग्रस्त वाटू शकतील असे कित्येक भाग तिने काढून टाकले. मृत पणजोबाला आता परक्या चरित्रकर्तीपासून नव्हे, तर त्याच्या बाजूने लिहिणाऱ्या नातवापासूनच जपण्यात येत होते.

सीवर्डने हकीकत मागे घेतली तरी विकल्या गेलेल्या प्रतींतून ती कोणाला काढता आली नाही. हेन्रिएटाने गाळलेला मजकूर मात्र डेस्मंड किंग-हील याने अखंड संहिता प्रसिद्ध करीपर्यंत, म्हणजे एकविसावे शतक उजाडेपर्यंत, वाचकांना उपलब्ध नव्हता.