सन्मान आणि चेहरा : रेपिनचा गार्शिन व नेसरीचे स्मरण

युद्धवीराच्या व्यक्तिचित्रात दोन संहिता एकत्र नांदत असतात. गणवेश, शस्त्र आणि पदके ही चिन्हे राज्यसंस्थेने त्या व्यक्तीविषयी दिलेला निर्णय सांगतात. चेहरा मात्र तिने युद्धात काय भोगले याकडे निर्देश करतो. पहिली संहिता वाचावयास सोपी असल्याने दुसरी बहुधा तिच्याखाली झाकली जाते. युक्रेनमधील चुहुइव्ह येथे १८४४ मध्ये जन्मलेल्या इल्या रेपिनने १८८४ साली रंगविलेले कथाकार व्सेवोलोद गार्शिनचे तैलचित्र या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

गार्शिन १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात स्वेच्छेने साधा शिपाई म्हणून गेला, पायाला गोळी लागून जखमी झाला आणि पुढे त्याला अधिकारपद मिळाले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील या चित्रात मात्र त्याच्या सैनिकी कर्तृत्वाची एकही खूण नाही. आहेत ती पुस्तके, कागद, साधा पोशाख आणि प्रेक्षकावर खिळलेले मोठे डोळे. गार्शिनने १८८८ मध्ये आत्मघात केला. शिवाय रेपिनने आपल्या ‘इव्हान द टेरिबल’वरील चित्रातील मरणासन्न राजपुत्रासाठीही त्याचाच चेहरा अभ्यासला होता. त्यामुळे या नजरेत भावी मृत्यू वाचण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु नंतर घडलेले आधीच्या चित्रावर लादणे, ही वाचनाची सोय झाली. त्याऐवजी गार्शिनची ‘चार दिवस’ ही कथा शेजारी ठेवणे अधिक उचित ठरेल. तीत रणांगणावर जखमी पडलेला सैनिक स्वतः मारलेल्या शत्रूच्या प्रेताशेजारी चार दिवस काढतो आणि त्याच मृताच्या पाण्यावर जगतो. रेपिनने पदक वगळल्यामुळे या अनुभवाला चित्रात जागा मिळते.

मराठी वीरस्मरणात याच्या उलट स्थिती आढळते. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर पडले. त्यांचे मूळ नाव कुडतोजी. ‘प्रतापराव’ हा शिवाजी महाराजांनी दिलेला किताब. म्हणजे येथे सन्मानचिन्ह छातीवर न राहता नावाचीच जागा घेते. त्यांची आज दिसणारी चित्रे व शिल्पे कल्पनेवर उभी आहेत. चेहरा उपलब्ध नाही. उपलब्ध आहे तो किताब आणि सहा स्वारांसह घेतलेली झेप. कुसुमाग्रजांच्या कवितेने व तिच्या गायनाने ही झेप मराठी मनात कायमची कोरली.

तथापि या झेपेला एक पूर्वसंहिता आहे. १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी बहलोलखानाच्या फौजेचे पाणी तोडले आणि खान शरण येताच त्याला जाऊ दिले. खान पुन्हा उलटला. त्याचा पराभव केल्याखेरीज तोंड दाखवू नये, असा महाराजांचा कठोर निरोप आल्याचे बखरींची परंपरा सांगते. राज्याच्या दृष्टीने हा रोष रास्त होता, कारण त्या दयेची किंमत रयतेला मोजावी लागणार होती. पण तहानलेल्या शत्रूला सोडणारा सेनानी आणि दोषी ठरलेला सेनानी ही एकच व्यक्ती आहे, हे चित्रपरंपरेने क्वचितच ध्यानात घेतले. तिने घोडा, उगारलेली तलवार आणि धूळ रंगविली; दया, अपमान व पश्चात्ताप यांचा ताण तिच्या कक्षेबाहेर राहिला.

यामुळे प्रतापरावांच्या शौर्याला उणेपणा येतो असे नव्हे. उलट, उमराणी वगळल्यास नेसरी हे केवळ बेभान धाडस ठरते आणि त्यामागील नैतिक यातना दिसेनाशी होते. गार्शिनच्या बाबतीत चित्रकारासमोर प्रत्यक्ष चेहरा होता, म्हणून त्याला पदक दूर ठेवता आले. नेसरीच्या चित्रकारापुढे केवळ किताब आहे. त्या किताबामागील कुडतोजीचा चेहरा त्याला उमराणीच्या पाण्यापाशीच शोधावा लागेल.