संयुक्त भूतकाळ आणि निवेदनाची नीती

क्रियापदाचा काळ हा व्याकरणाचा विषय मानला जातो. कादंबरीच्या समीक्षेत त्याची दखल बहुधा ओझरती घेतली जाते. आल्बेर कामू यांच्या ‘लेत्रांजे’ (1942) या कादंबरीच्या बाबतीत मात्र काळाची निवड बाजूला ठेवून आशयाकडे जाताच येत नाही. तिचा निवेदक मेर्सो आपली हकिगत मुख्यतः ‘पासे कोंपोझे’त, म्हणजे संयुक्त भूतकाळात सांगतो. फ्रेंच कादंबरीच्या रूढ निवेदनाचा काळ ‘पासे सेंपल’ हा साधा भूतकाळ होता. बोलीतून तो लुप्तप्राय झाला होता, पण लेखनात त्याची सत्ता कायम होती.

संयुक्त भूतकाळाची घडण सोपी आहे. ‘राकोंते’ (कथन करणे, सांगणे) हे नियमित क्रियापद घेतले, तर त्याचे भूतकालवाचक धातुसाधित सहाही रूपांत तेच राहते. पुरुष आणि वचन यांनुसार बदलते ते ‘जवळ असणे’ या अर्थाच्या सहायक क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप: ए, आ, आ, आव्हों, आव्हे, ओं. ‘इल राकोंता’ या साध्या भूतकाळात क्रिया एका शब्दात घडून जाते. ‘इल आ राकोंते’मध्ये ती दुभंगते. एका बाजूला वर्तमानातला कर्ता, दुसऱ्या बाजूला पूर्ण झालेली, निश्चल अशी कृती. सार्त्र यांनी 1943 साली या कादंबरीवर लिहिताना नेमके याच दुभंगावर बोट ठेवले. क्रियापदातील ओघ नाहीसा होतो आणि प्रत्येक वाक्य शेजारच्या वाक्यापासून तुटलेल्या बेटासारखे उभे राहते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

रोलां बार्त यांनी 1953 साली हा प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडला. त्यांच्या मते साधा भूतकाळ केवळ घटना सांगत नाही. तो घटनांना कार्यकारणाच्या साखळीत बसवतो आणि जग सुव्यवस्थित असल्याची हमी देतो. एमील बेंव्हनिस्त यांनी 1959 साली या दोन काळांना दोन स्वतंत्र व्यवस्थांत ठेवले: साधा भूतकाळ ‘इतिहासकथना’चा, जेथे घटना जणू स्वतःच स्वतःला सांगतात, संयुक्त भूतकाळ ‘संभाषिता’चा, जेथे कोणी ‘मी’ कोणा ‘तू’शी बोलत असतो.

ही मांडणी कादंबरीच्या उत्तरार्धाला लावून पाहिली असता काळाची निवड हा शैलीचा अलंकार उरत नाही. न्यायालयात सरकारी वकील काय करतो? आईच्या अंत्यविधीत न रडणे, दुसऱ्या दिवशी समुद्रस्नान, विनोदी चित्रपट, आणि पुढे समुद्रकिनाऱ्यावरील गोळीबार या सुट्या कृतींची तो एक साखळी करतो. निवेदकाने ज्या घटना एकमेकींशेजारी नुसत्या ठेवल्या होत्या, त्यांतून वकील ‘म्हणून’ निर्माण करतो आणि त्या ‘म्हणून’ला देहदंडाची शिक्षा होते. मेर्सोचे व्याकरण जे नाकारते, तेच न्यायालय त्याच्यावर लादते. मेर्सोची ‘अलिप्तता’ हा केवळ त्याचा स्वभावविशेष मानणारे वाचन म्हणूनच अपुरे पडते. नकळत ते वकिलाच्याच पद्धतीचे वाचन ठरते. इंग्रजीत हे दोन्ही काळ बहुधा एकाच साध्या भूतकाळात उतरतात. त्यामुळे इंग्रजीवाटे कामूंकडे गेलेल्या मराठी वाचकाला निवड दिसत नाही, फक्त तिचा परिणाम दिसतो.

मराठीची स्थिती अधिक उद्बोधक आहे. ‘मी गोष्ट सांगितली’ या कर्मणी रचनेत क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, कारण मराठी ‘-ल’ भूतकाळामागे संस्कृतातील ‘मया कथितम्’सारखी धातुसाधिताची रचना आहे. फ्रेंचमध्येही कर्म आधी आले की ‘मी सांगितलेली गोष्ट’ या अर्थाच्या रचनेत धातुसाधित स्त्रीलिंगी होते. मात्र तो बदल लेखनात दिसतो, कानाला ऐकू येत नाही. ‘आरिव्हे’ (पोचणे) यासारख्या अकर्मक क्रियापदाला ‘असणे’ या अर्थाचे सहायक लागते आणि धातुसाधित कर्त्याप्रमाणे चालते, ‘ती पोचली’प्रमाणे.

या साधर्म्यामुळे अनुवादकाला मोह होतो तो घडणीनुसार ‘सांगितली आहे’ असे करण्याचा. पण ते निवेदनाला अहवालाचे रूप देईल; फ्रेंच बोलीत संयुक्त भूतकाळ हाच सर्वसामान्य भूतकाळ आहे. उलट ‘सांगितली’ हे रूप मराठीत साक्षीदाराच्या जबानीत, शेजारणीच्या बोलण्यात आणि हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबरीत सारखेच वावरते. त्याच्या अंगावर ‘साहित्य’ अशी मुद्रा नाही. म्हणून ती नाकारण्याची संधीही त्यात नाही.

मराठीतला पेच काळात नाही, ‘-ऊन’मध्ये आहे. ‘खोलीत येऊन, दिवा लावून तो वाचत बसला’ या वाक्यात तीन कृती एका हेतूच्या धाग्यात ओवल्या जातात. ‘तो खोलीत आला. त्याने दिवा लावला. तो वाचत बसला.’ येथे धागा तुटतो, आणि प्रत्येक क्रियापद आपापले लिंगवचन घेऊन एकटे उभे राहते. मराठी गद्याची स्वाभाविक ओढ पहिल्या रचनेकडे आहे. कानाला गोड लागणारा अनुवाद याच ओढीने मेर्सोच्या विधानांची साखळी करून टाकेल, वकिलाचे काम आधीच उरकून ठेवेल.

म्हणजे फ्रेंच काळाचा प्रतिशब्द मराठी काळात शोधणे व्यर्थ आहे. एका भाषेने काळाच्या निवडीतून जे साधले, ते दुसऱ्या भाषेत एका कृदन्ताच्या त्यागातून साधावे लागते. समतुल्यता रूपांत नसते, भाषेने उपलब्ध करून दिलेल्या पर्यायांच्या विरोधात असते. कादंबरीच्या अनुवादाचे मूल्यमापन करताना ‘ओघवती भाषा’ हा आपल्याकडे सरसकट गुण समजला जातो. ‘लेत्रांजे’पुरता तरी तो दोष ठरू शकतो, आणि तो केवळ भाषिक दोष नसतो.