सपाट भूमीची साक्ष : पानिपत आणि मराठी लेखन

मराठी भाषेत 'पानिपत' हे आता केवळ गावाचे नाव राहिलेले नाही. एखाद्याचे पानिपत झाले असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात कोणतीही भूमी नसते, केवळ सर्वनाशाची कल्पना असते. ज्या गावाने ही कल्पना पुरविली ते दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, हरियाणाच्या मैदानात आहे. बहुतेक मराठी वाचकांनी ते पाहिलेले नसते, वाचलेले मात्र असते. म्हणूनच रणभूमीचे प्रत्यक्ष दर्शन वाचनात कोणती भर घालते, हा प्रश्न पानिपतच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरतो.

युद्धभूमी पाहण्याची मराठी दृष्टी सह्याद्रीत घडलेली आहे. प्रतापगडाच्या पायथ्याची दाट झाडी आणि अरुंद वाटा पाहिल्या की १६५९ मधील अफजलखानाच्या सैन्याची कोंडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १६६० मध्ये घोडखिंडीत मूठभर मावळ्यांनी मोठी फौज कशी रोखून धरली, याचे उत्तर खिंडीच्या रुंदीतच मिळते. येथे भूमी स्वतःच युक्तिवाद करते. ग्रंथातील विधान आणि डोळ्यांसमोरचा कडा परस्परांना दुजोरा देतात, आणि पाहणारा समाधानाने परततो.

पानिपत हे समाधान देत नाही. तेथे चढायला डोंगर नाही आणि उभे राहून खाली पाहावे असा बुरूजही नाही. 'काला आंब' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी लोखंडी कुंपणात एक विटांचा स्तंभ आहे; ज्या आंब्याच्या झाडावरून हे नाव पडले, ते झाड केव्हाच नाहीसे झाले. भोवती शेते आहेत आणि क्षितिजापर्यंत सपाटी आहे. अशा भेटींच्या वर्णनांत ही रिकामी जागा पुष्कळदा उमाळ्याने भरली जाते. मातीला रक्ताचा वास येतो, वारा किंकाळ्या ऐकवितो, अशी वाक्ये लिहिली जातात. ती वाक्ये मातीतून आलेली नसतात. ती घरून निघतानाच सोबत आणलेली असतात.

वस्तुतः ही सपाटी हीच पानिपतची खरी साक्ष आहे. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौजेचा दिल्लीशी असलेला संबंध तुटला. त्यानंतरचे अडीच महिने सदाशिवरावभाऊंची छावणी खंदकाआड अडकून पडली. सैनिकांइतकाच, कदाचित त्याहून मोठा, बाजारबुणगे, बायकामुले आणि यात्रेकरूंचा जमाव तिच्यात होता. १४ जानेवारी १७६१ रोजी या सर्वांना सांभाळून दक्षिणेची वाट मोकळी करायची होती. इतिहासग्रंथांत जिला 'गोलाची लढाई' म्हटले आहे, तिचा अर्थ या मैदानात उभे राहिल्यावर उमगतो. सह्याद्रीत डोंगर भिंतीचे काम करतो. येथे ती भिंत माणसांनाच व्हावे लागणार होते. ती फुटल्यावर मागे आसरा असा नव्हताच. पराभवाचा संहार का झाला, या प्रश्नाचे निम्मे उत्तर फंदफितुरीच्या कथांत नसून या उंचवटाहीन भूमीत आहे.

मात्र भूमीची साक्षही जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. त्या काळाच्या मानाने यमुनेचे पात्र पूर्वेकडे सरकले आहे, शहर वाढले आहे, महामार्ग रुंद झाला आहे. कागदपत्रांप्रमाणेच भूमीचीही चिकित्सा करावी लागते.

या अनुभवाच्या प्रकाशात पानिपतविषयक लेखन पुन्हा वाचण्याजोगे आहे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित हा युद्धाचा प्रत्यक्षदर्शी. परंतु त्याने आपला फारसी वृत्तांत सुमारे १९ वर्षांनंतर लिहिला. डोळ्यांनी पाहिलेलेही अखेर स्मरणातूनच लिहिले जाते. याउलट 'पाणिपतची बखर' भारती युद्धाचा आदर्श समोर ठेवते, आणि वाचकाला तो अलंकाराचा सोस वाटतो. पानिपतला गेल्यावर हे मत थोडे बदलावे लागते. कुरुक्षेत्र तेथून सुमारे ७० किलोमीटरवर आहे, आणि कुंजपुरा जिंकल्यावर फौजेची वाट त्या तीर्थाकडेच वळली होती. पुण्यात बसून वाचताना जी उपमा सांकेतिक वाटते, ती तेथे शेजारच्या गावाचे नाव असते.

त्र्यं. शं. शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१' हा ग्रंथ इंग्रजीत १९४६ मध्ये आणि मराठीत १९६१ मध्ये आला. त्याने या घटनेला शोकगीतातून बाहेर काढून राजकारणाच्या आणि लष्करी हालचालींच्या चिकित्सेत आणले. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीने ती घटना पुन्हा सामान्य वाचकाच्या भावविश्वात नेली. छावणीतील उपासमार आणि गारठा तिच्यात उतरतो, तेथे भूमीचा प्रत्यय येतो. भाऊंचे उदात्तीकरण प्रबळ होते, तेथे मैदान मागे सरून रंगमंच पुढे येतो. ही त्रुटी एकट्या कादंबरीकाराची नाही. पराभवातही नायक शोधणाऱ्या वाचकाची मागणी तीत मिसळलेली आहे.

पानिपतची भेट आणखी एक जाणीव देते, आणि ती मराठी मनाला सहज रुचणारी नाही. हे गाव मराठ्यांच्या दुःखाचे स्मारक म्हणून जगत नाही. तेथील लोकांसाठी ते बू अली शाह कलंदरांच्या दर्ग्याचे आणि घोंगड्या, सतरंज्या, कापडाच्या धंद्याचे गाव आहे. उर्दूचे थोर कवी आणि समीक्षक अल्ताफ हुसेन हाली १८३७ मध्ये येथेच जन्मले आणि १९१४ मध्ये येथेच विसावले. १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन युद्धांच्या फौजा बाहेरून आल्या. शेते तुडवली गेली ती येथल्यांची. त्या शेतकऱ्याचे पानिपत मराठी साहित्यात जवळपास आलेलेच नाही.

रणभूमीला भेट देण्याचे प्रयोजन युद्ध पाहणे हे नव्हे, कारण युद्ध तेथे उरलेले नसते. ग्रंथांनी मनात उभे केलेले चित्र जमिनीवर टेकवून पाहावे आणि त्यातले काय टिकते ते तपासावे, एवढेच तिचे प्रयोजन. पानिपतच्या सपाटीवर गड, कडे, शाप आणि नायक टिकत नाहीत. टिकतात ती उघड्या मैदानात अडकलेली भुकेली माणसे. त्यांच्याविषयी लिहिताना भाषेलाही उंचवट्याचा आधार घेता येणार नाही, हा धडा ती भूमी लेखकाला देते.